काथवटीतले शेत

वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मी हंसावर नऊ आर्या रचल्या होत्या, आणि हंस एकदाही पाहिला नव्हता. कमळांवर किती रचल्या ते आता आठवत नाही. कल्याणला माझे सासरे काव्याचे मोठे रसिक होते. थोरल्या सुनेला वाचता येते असे कळल्यावर त्यांनी मला रोज दुपारी माजघराच्या उंबऱ्याशी बसवून मात्रा मोजायला शिकवले. ते ओटीवर, मी उंबऱ्याच्या आत, आणि दोघांच्या मध्ये एक पाटी. लघूला बोटाची एक टिचकी, गुरूला दोन. त्या टिचक्यांचा नाद माझ्या अंगात असा भिनला की ताक घुसळतानाही रवीचे फेरे मी मात्रांत मोजू लागले. त्यांनी मला दिलेल्या काव्यात नदी नेहमी निळी असे, वारा नेहमी चंदनाचा असे, आणि पाण्यावर जो पक्षी उतरे तो हंसच असे. मीही तसेच लिहीत गेले. ते वाचून मान डोलवीत, मला धन्यता वाटे.

माझ्या माहेरची नदी तपकिरी होती. डोंबिवली गावाच्या मावळतीला, जिथे उल्हास नदी समुद्राला मिळण्याच्या कितीतरी आधीच खारट होऊन जाते, तिथे आमची खार होती. खार म्हणजे भरतीच्या पाण्याकडून हिसकावून घेतलेली जमीन. माझ्या पणजोबांनी चिखलाच्या ढेकळांचा बांध घालून ती वेगळी केली होती आणि बांधात एक लाकडी झडपेचे दार बसवले होते. त्याला आम्ही उघाडी म्हणत असू. ओहोटी लागली की शेतातले पाणी त्या झडपेला आतून ढकलून नदीत निघून जाई. भरती आली की नदीचे पाणी बाहेरून रेटा देई आणि झडप आपोआप मिटे. दिवसातून दोनदा ती मिटल्याचा एक ओला, जाड आवाज घरापर्यंत येई. घड्याळ आमच्याकडे नव्हते. त्या आवाजावर आई चूल पेटवी.

त्या जमिनीचा वास मला अजून येतो. ऊन तापल्यावर फुटलेल्या चिखलाचा, त्यात थोडा मिठाचा, थोडा कुजलेल्या पेंढ्याचा आणि थोडा खेकड्यांच्या बिळांचा. तो वास केसांत बसे. लग्न होऊन कल्याणला गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि माझ्या वेणीत तो असणारच. पहिल्याच पंगतीत वाढलेला भात हुंगून मी सहज म्हटले, की हे तांदूळ ओलसर कोठीत राहिलेले दिसतात, त्यांना पेंढ्यावर ऊन दाखवायला हवे. मी खरे तेच बोलले होते, पण पंगतीत हशा पिकला. कोणी म्हणाले, सून आणली की कुणबीण आणली. ती माणसे दुष्ट नव्हती, हसून विसरूनही गेली. मी मात्र विसरले नाही. त्या दिवसापासून मी माझे माहेर पदराखाली झाकले. कोणी विचारले तर आमची थोडी जमीन आहे, एवढेच सांगे. उघाडीचे नाव नऊ वर्षे माझ्या तोंडून निघाले नाही. आणि लिहू लागले तेव्हाही मी बगळा बाहेर ठेवून हंसालाच आत घेतले.

धाकटी बहीण अकराची झाली तेव्हा तिला ठाण्याचे स्थळ आले. मुलाचे वडील कचेरीत होते, घर कोपरीच्या वाटेवर, खाडीपासून फार दूर नव्हे. मुलगी पाहायला मुलाची आई आणि आत्या आल्या. मी त्या दिवशी माहेरी होते. बोलावणे गेले तेव्हा बहीण बांधावर खेकड्यांच्या मागे होती. ती तशीच धावत आली आणि ओटीवर उभी राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर घाम, मुठीत अजून एक खेकडा. आईने डोळे मिटून घेतले.

मुलाच्या आईने मुठीतल्या खेकड्याकडे पाहिले. ती फार कमी बोलणारी, सावळी, स्थिर नजरेची बाई होती. आत्याबाई मात्र तोंडाळ. त्या हसत म्हणाल्या, "पोर गोड आहे हो. पण पाय धुवायला शिकवा. आमच्याकडे सारवण नाही, काळी फरशी आहे. चिखल लगेच दिसतो."

लग्न ठरले. वैशाखातला मुहूर्त निघाला. पण आत्याबाईंचे ते वाक्य माझ्या बहिणीने कानात जपून ठेवले. मी लग्नासाठी पुन्हा माहेरी आले तेव्हा पाहिले, की पोर दिवसातून सहा-सात वेळा विहिरीवर जाऊन टाचा दगडाने घासते आहे. टाचा लाल झाल्या होत्या. बांधावर जाणे तिने सोडले होते. खाडीचा वारा सुटला की ती घरात येऊन बसे, केसांना वास लागेल म्हणून. मी तिच्याजवळ बसले तेव्हा तिने विचारले, "ताई, तुझा वास कधी गेला?"

या प्रश्नाने मला जे झाले ते कोणत्याही वृत्तात बसणारे नव्हते. माझा वास गेला नव्हता, मी तो कोंडून ठेवला होता. आणि आता हे पोर तेच शिकायला निघाले होते, तेही लग्नाआधीच. मी ठरवले की ही मुलगी त्या घरात आपले माहेर झाकून जाणार नाही. नऊ वर्षांपूर्वी माझ्यासाठी जे कोणी केले नाही, ते तिच्यासाठी मी करणार होते. माझ्या हाती एकच साधन होते, रुखवत.

आमच्याकडे रुखवत म्हणजे मुलीकडच्या बायकांनी वाजतगाजत जानवसघरी, म्हणजे वऱ्हाड उतरले असेल त्या घरी, नेलेली फराळाची ताटे. लाडू, करंज्या, शेवया, पापड, सांडगे यांत मुलीकडच्यांनी आपले सारे हस्तकौशल्य ओतायचे, आणि मुलाकडच्या बायकांनी ताटावरचा रुमाल बाजूला करून त्यावर गाण्यात टोमणे मारायचे. टोमण्याला गाण्यातच उत्तर द्यायचे. जिला उत्तर सुचले नाही तिची बाजू हरली. या हारजितीची आठवण सासरी मुलीला पुढे वर्षानुवर्षे ऐकवली जाई.

मी आईला म्हटले, यंदा रुखवतात आपले शेत न्यायचे. आई पोळ्या लाटत होती. तिने मान वर न करता सांगितले की शेत ताटात मावत नाही. मी म्हटले, मग मला तुझी काथवट दे.

काथवट म्हणजे कणीक मळायची लाकडी परात. आमची फणसाच्या लाकडाची, दोघींनी उचलावी लागे एवढी. आई नाही म्हणत असतानाच मी ती धुऊन पडवीत नेली. पुढचे तीन दिवस आम्ही दोघी बहिणी तिच्यावर वाकलेल्या होतो. चिखलाचा बांध थापला, वर बोटांचे ठसे ठेवले. एका कोपऱ्यात खडेमिठाच्या शुभ्र वाफ्यांची मिठागरे केली. शेवयांची उडवी रचली. भाजलेली शेवई लांबून अगदी पेंढ्यासारखी दिसते, हे त्या दिवशी मला कळले. गुळपापडीचे खळे केले आणि त्यावर खोबऱ्याचे कोरलेले दोन बैल. करंज्यांना मिरीचे डोळे आणि शेवयांचे पाय लावून खेकडे केले. बहिणीने ते बांधावर असे तिरके ठेवले की आत्ताच बिळात शिरतील असे वाटे. बांधावर वडील उभे केले. त्यांच्या डोक्यावर पापड ओला असतानाच दुमडून केलेले इरले. वडील येऊन पाहून गेले आणि म्हणाले, इरले बरे आहे, नाक माझे नाही.

पण मला नुसते खाऊचे शेत नको होते, जिवंत शेत हवे होते. खारीत आम्ही भात पेरतो ते कोरडे पेरीत नाही. दाणे भिजवून, पेंढ्यात गुंडाळून, वर दगड ठेवून त्यांना मोड आणतो आणि ते मोडाचे भात चिखलावर फेकतो. त्याला रहू म्हणतात. मी रहू घातले, शेतातून काळीभोर माती आणून काथवटीच्या मधोमध वाफा केला आणि मोड आलेले दाणे त्यावर अलगद टाकले. लग्नाला पाच दिवस होते. माझा हिशोब असा की रुखवताच्या दिवशी दोन बोटे उंच हिरवे रोप डुलत असेल.

दोन दिवसांनी सकाळी पाहिले तर मोड करपून तांबडे पडले होते. मातीवर एक पांढुरकी साय आली होती, भातावरच्या पेजेसारखी. बहिणीला वाटले बुरशी आली. मी काथवटीशी बसून रडू लागले. वडील बांधावरून परतत होते. ते उकिडवे बसले, बोटाच्या टोकावर माती घेतली, जिभेला लावली आणि थुंकले.

"ही माती कधी आणलीस?"

"परवा. आपल्याच शेतातली आहे."

"आपल्याच शेतातली, पण वैशाखातली. या दिवसांत खालचे मीठ वर येते. हे तुला कोणी सांगायला हवे?"

नको होते. हे मला बोलता येऊ लागल्यापासून ठाऊक होते. खारीच्या पोरांना कोणी शिकवीत नाही तरी ठाऊक असते, की पावसाने तीनदा धुतल्यावाचून ही जमीन दाणा घेत नाही. वर्षभरात एकदा तरी मी कल्याणच्या खिडकीतून आभाळ पाहून मनात म्हणत असे, आता पहिले धुणे झाले असेल, आता उघाडी उघडली असेल. तरी नऊ वर्षे जे तोंडावर आणले नाही ते हातांनीही विसरून टाकले होते. मी वडिलांना तसे म्हणाले. त्यांनी बोट धोतराला पुसले. मग म्हणाले, की पाऊस जे करतो ते घागरीनेही होते, फक्त पाणी बाहेर जायला वाट हवी. आणि ते उठून सामता शोधायला गेले.

सामत्याने त्यांनी आईच्या काथवटीला, बुडाशी, नदीच्या बाजूला, बोटभर भोक पाडले. आई दारात उभी राहून पाहत होती. फणसाचा पिवळा भुसा जमिनीवर पडला तशी ती म्हणाली, "माझ्या सासूबाईंची आहे ती." वडील म्हणाले, "बांधही त्यांच्याच सासऱ्यांचा. त्यालाही भोक आहे." आई आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती विहिरीच्या गोड्या पाण्याची घागर घेऊन.

भोकाला चामड्याचा तुकडा लावून वडिलांनी नखाएवढी झडप केली. काथवटीलाही आता उघाडी झाली. आम्ही तिघींनी धुणे आरंभले. पाणी घालायचे, माती हाताने ढवळायची, निवळू द्यायचे, झडप उचलायची. निघालेले पाणी दर वेळी वडील बोट बुडवून चाखत आणि मान हलवत. पहिले पाणी समुद्रासारखे होते. पाचवे घामासारखे. दुसऱ्या दिवशी दुपारी एक पाणी चाखून त्यांनी ओठ चाटले आणि उगीच पुन्हा एकदा बोट बुडवले. तेव्हा आम्हाला कळले की झाले. मग त्यांनी पडवीच्या मागून पेंढ्याची एक पाटी आणली. मी रडले त्याच सकाळी त्यांनी नवे भात भिजत घातले होते. पांढरे, तांदळाच्या टोकाएवढे मोड फुटले होते. मला काही न सांगता.

ते पेरले तेव्हा लग्नाला दोनच दिवस होते. आता हिशोब चुकला होता. रुखवताच्या वेळी वाफा हिरवा होणे अशक्य होते.

वऱ्हाड ठाण्याहून भरतीच्या पाण्यावर पडावातून आले. लग्नाच्या दिवशी सकाळी काथवट उचलून आम्ही जानवसघराकडे निघालो. पुढे ताशा, मागे लाडवांची ताटे. मधला वाफा नुसता काळा, ओला, चकचकीत चिखल होता. वाटेत आईने हळूच सुचवले की त्यावर शेवया पसरू. मी नको म्हटले. तो झाकण्यासाठी मी ही खटपट केली नव्हती.

जानवसघरी काथवट पाटावर ठेवली. मुलाची आई भिंतीशी बसली होती. आत्याबाई पुढे सरसावल्या, रुमाल बाजूला केला, क्षणभर पाहत राहिल्या. बैल, खेकडे, इरले यांवरून त्यांची नजर फिरली तेव्हा त्यांना ते आवडले असावे, कारण ओठ हलले. पण आवडले असे म्हणण्याची ती जागा नव्हती. त्यांची नजर मधल्या काळ्या वाफ्यावर स्थिर झाली आणि त्यांनी ठसक्यात सूर लावला:

"रुखवत आलं वाजतगाजत, रुमाल सारून पाहिला,
लाडू गेले उडून, बाई, चिखल तेवढा राहिला."

साऱ्या हसल्या. आमच्याकडच्याही काही हसल्या, कारण टोमणा झकास होता. माझी बहीण त्या वेळी घरी हळदीच्या अंगाने बसलेली होती. पण हे तिच्यापर्यंत घटकाभरात पोचणार, हे मला माहीत होते. नऊ वर्षांपूर्वीची पंगत माझ्याभोवती पुन्हा बसली. मला पाठ होत्या त्या साऱ्या आर्या मनात धावत आल्या, आणि त्यांतली एकही या चिखलाजवळ उभी राहायला तयार नव्हती. हंस तर मागच्या मागे उडून गेला. तेव्हा माझ्या तोंडातून आले ते जात्यावरच्या चालीत आले, मात्रा न मोजता:

"चिखल नव्हे हा, अन्नाची ही कूस,
धीर धरी, पूस, उद्या मला."

हसणे थांबले. आत्याबाईंनी भुवया उचलल्या. "उद्या?" त्या गाणे सोडून साध्या आवाजात म्हणाल्या. "उद्या काय होणार आहे?"

मी म्हटले, उद्या निघताना पाहा. आणि एकदा तोंड उघडले होते म्हणून आणखी एक ओवी आली, जी माझ्यात कधीपासून होती ते मला ठाऊक नाही:

"बगळ्याचे पाय चिखलात खोल,
पांढऱ्याचे मोल तेव्हा कळे."

मुलाची आई भिंतीशी होती ती किंचित पुढे वाकली आणि काथवटीच्या कडेकडे पाहू लागली, जिथे चामड्याची झडप होती.

लग्न लागले. अक्षता उधळल्या, जेवणावळी उठल्या. मी मात्र घास गिळताना एकच विचार करीत होते. मी भर सभेत उद्याचा वायदा केला होता. माती गोड झाली होती हे वडिलांची जीभ म्हणत होती. पण दाणा वडिलांच्या जिभेला विचारून उगवत नाही. नाही उगवला, तर त्या घरात माझ्या बहिणीला वर्षानुवर्षे दोन गोष्टी ऐकाव्या लागणार होत्या, एक चिखलाची आणि एक तिच्या बहिणीच्या फुशारकीची.

सकाळी तांबडे फुटताच मी जानवसघराच्या पडवीत गेले. रुमाल दवाने ओलसर होता. तो उचलण्याआधीच मला वास आला. चिखलाचा नव्हे. चिखल संपतो आणि गवत सुरू होते त्या सीमेवरचा एक कच्चा, दुधासारखा वास, जो आमच्याकडे वर्षातून एकदाच चार दिवस येतो. रुमाल उचलला. साऱ्या वाफ्यावर सुया टोचल्या होत्या. बोटाच्या पेराएवढ्या, फिकट पोपटी, प्रत्येकीच्या टोकावर एकेक थेंब. दाणा न् दाणा उगवला होता.

मी वळले तर मागे मुलाची आई उभी होती. स्नान करून आलेली, केस ओले. तिने तळहात त्या रोपांवरून फिरवला, न टेकवता, जसा लहान मुलाच्या टाळूवरून फिरवतात. मग वाकून चामड्याची झडप नखाने उचलली आणि सोडली. "पाणी बाहेर जाते, आत येत नाही," ती म्हणाली. "कोणी केली?"

"वडिलांनी."

"मग हे इथे ठेवू नका. आमच्याबरोबर येईल."

तोवर आत्याबाई आल्या. त्यांनी पाहिले, कमरेवर हात ठेवले आणि बराच वेळ गप्प राहिल्या. त्यांना ओळखणाऱ्या बायकांनी मला पुढे सांगितले की हे फार क्वचित घडे. शेवटी त्या म्हणाल्या, "आता याची मळणी आमच्या ओटीवर करायची काय, विहीणबाई?" आई म्हणाली, "बैल आहेत ना सोबत. फक्त खोबऱ्याचे आहेत, वाटेत खाऊ नका." हसण्याचा जो फवारा उडाला त्यात कोण कोणाकडचे ते ओळखू येत नव्हते. माझ्या आईला टोमण्यात कोणाला जिंकताना मी आयुष्यात प्रथमच पाहत होते.

पाठराखीण म्हणून बहिणीबरोबर मी गेले. ओहोटी लागताच पडाव सुटला. काथवट आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली होती, आणि पाण्याचे शिंतोडे आले की बहीण आपल्या शालूचा पदर तिच्यावर धरी. खारे पाणी रोपांवर पडता कामा नये, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मुंब्र्याचा डोंगर डाव्या हाताला सरकत मागे गेला. बांधावर बगळे एका पायावर उभे होते. बहिणीने नाकाने खोल श्वास घेतला आणि दोन महिन्यांत प्रथमच तोंड वाऱ्याकडे केले.

ठाण्याला कोपरीच्या काठी पोचलो तेव्हा पाणी पार उतरले होते. धक्क्यापर्यंत पडाव जाईना. पुरुषांनी मुलीला उचलून नेऊ म्हटले, पण ती तोवर उतरलीही होती. खारीची पोर, पाणी उतरले की चिखलातून चालायचे, यापलीकडे तिला काही सुचलेच नसावे. घोट्याच्या वर रुतत, शालू गुडघ्यापर्यंत धरून, ती पुढे निघाली आणि अर्ध्यावर एकदम थांबली. तिला आठवले. तिने वळून माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरणार नाही. टाचा घासून लाल केलेले ते पाय आता पुन्हा काळे झाले होते, आणि घर पन्नास पावलांवर होते.

एक टोक नावाड्याकडे, दुसरे माझ्याकडे, अशी काथवट आम्ही उचलून धरली होती. माझेही पाय तसेच होते. मी तिला एवढेच म्हटले, "चल, रोपांना ऊन लागते आहे."

दारात तांदळाचे माप भरून ठेवले होते. उंबऱ्याच्या आत काळी फरशी चमकत होती, पाण्यासारखी. आत्याबाई आधीच पुढे होऊन पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या आणि बहिणीचे पाय पाहून त्यांनी तांब्या कलताही केला. बहिणीने पाय पुढे केला नाही. ती नुसती उभी राहिली, मान खाली.

मुलाची आई आतून आली. तिने एकदा पायांकडे पाहिले, एकदा काथवटीतल्या हिरव्याकडे.

"वन्सं, पाणी राहू द्या. तशीच येऊ दे."

आत्याबाईंनी तांब्या सरळ केला. "येऊ दे बापडी," त्या म्हणाल्या. "पण फरशी उद्या मी पुसायची नाही, सांगून ठेवते."

बहिणीने मान वर केली. माप लवंडले, तांदूळ काळ्या दगडावर पसरले, आणि त्यांच्यातून ती देवघरापर्यंत चालत गेली. मागे नऊ पावले उमटली. अकरा वर्षांच्या मुलीची, पाची बोटे सुटी सुटी.

ती पावले कोणी पुसली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती पाहिली तेव्हा चिखल वाळून राखाडी झाला होता, आणि वैशाखातल्या त्या मातीने आपले काम केले होते. प्रत्येक पावलाच्या कडेने मीठ वर आले होते, बारीक, पांढरे, न तुटणारी रेघ धरून. काळ्या फरशीवर इतकी सुबक रांगोळी मी कधी काढली नव्हती, पुढेही मला जमली नाही. आत्याबाई पलीकडे उकिडव्या बसून एका पावलाची रेघ न्याहाळत होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "हे कसे काढतात ग?"

त्या वर्षापासून मी हंसावर लिहिले नाही. ठाण्याला, कल्याणला किती लग्नांत माझ्या काथवटी गेल्या, किती बायकांनी माझ्या ओव्या आपल्या म्हणून म्हटल्या, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. सासऱ्यांना मी बगळ्याची ओवी भीतभीत म्हणून दाखवली, तेव्हा त्यांनी सवयीने टिचक्या मोजायला बोट उचलले, आणि मग ते तसेच हवेत धरून ठेवले. म्हणाले, पुन्हा म्हण.

आईची काथवट ठाण्यालाच राहिली. तिला भोक असल्याने कणकेच्या कामाला ती येत नव्हती. बहीण तिच्यात दर वर्षी रहू घाली.